नवीन कॉम्प्युटरवर गाण्यांपुढे उद्गारचिन्ह: माझा अनुभव

कॉम्प्युटर बदलला, म्युझिक प्लेअरमध्ये जुनी लायब्ररी (गाण्यांची यादी) उघडली, तर नावं सगळी जागेवर. पण प्रत्येकापुढे उद्गारचिन्ह, एकही वाजेना. त्यात आजीच्या कॅसेटवरून उतरवलेल्या ओव्याही होत्या, जीव कासावीस झाला. प्लेअर पुन्हा टाकला. फोल्डर नव्याने जोडला, तर गाणी दोनदा दिसू लागली आणि प्लेलिस्ट मुक्याच.

एका गाण्याची माहिती उघडली तेव्हा कळलं: नोंदीत फाइलचा पत्ता 'एफ' ड्राइव्हचा, इथे तीच बाहेरची हार्डडिस्क 'ई' झालेली.

प्लेअर बंद केला. विंडोजच्या स्टार्ट बटणावर राइट-क्लिक, डिस्क मॅनेजमेंट. हार्डडिस्कवर राइट-क्लिक, 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स', मग 'चेंज', 'एफ', ओके, येस. (यादीत 'एफ' नसेल तर ते पेनड्राइव्हने अडवलंय का बघा. 'सी'ला हात लावू नका.)

प्लेअर उघडला, ओवी वाजली. दुबार नोंदी तेवढ्या लायब्ररीतून काढल्या, फाइल नाहीत.