शेल क्रूड रिफायनरीत घेण्यापूर्वी

टेक्सासमधील ईगल फोर्ड किंवा नॉर्थ डकोटातील बाकेन पट्ट्यातून निघणारे शेल क्रूड (शेल खडकातून काढलेले कच्चे तेल) हलके असते आणि त्यात गंधकही कमी असते. तरीही जड क्रूडसाठी बांधलेल्या रिफायनरीला ते सहज पचत नाही. ईगल फोर्डच्या क्रूडचा एपीआय (हलकेपणाचे माप; आकडा मोठा तितके तेल हलके) 40 पासून 50 च्याही पुढे बदलतो, म्हणून मागच्या खेपेच्या अहवालावर विसंबून न राहता प्रत्येक खेपेचा नमुना नव्याने तपासावा.

खरी काळजी मिश्रणात घ्यावी लागते. जड क्रूडमधील अस्फाल्टीन (डांबरासारखा जड घटक) त्यातल्याच अ‍ॅरोमॅटिक (वलयाकार रेणूंच्या) घटकांमुळे विखुरलेले राहते. शेल क्रूडमधील पॅराफिन (साखळीच्या रेणूंचे घटक; मेणही त्यातलेच) वाढले की अस्फाल्टीन सुटे होऊन हीट एक्स्चेंजरच्या नळ्यांमध्ये बसते, तिथे क्रूड कमी तापते आणि फर्नेसला जास्त इंधन जाळावे लागते. त्यामुळे दोन्ही क्रूड ठरलेल्या प्रमाणात मिसळून, गरम करून, एक थेंब फिल्टर पेपरवर टाकावा आणि कागद ओव्हनमध्ये वाळवावा. डाग सर्वत्र सारखा तपकिरी पसरला तर ठीक. मध्यभागी काळसर ठिपका किंवा कडे उमटले तर ते प्रमाण सोडून द्यावे. टाकीत आधी जड क्रूड घेऊन त्यात शेल क्रूड हळूहळू सोडावे. उलट क्रमाने केल्यास जड क्रूडच्या पहिल्या धारेलाच भरपूर पॅराफिन भेटते, आणि एकदा खाली बसलेले अस्फाल्टीन सहजी पुन्हा विरघळत नाही.

टाकीच्या तळाशी मेण साचू नये म्हणून ती गरम ठेवावी व मिक्सर चालू ठेवावेत. मुंबई हायचे क्रूडही मेणयुक्तच असल्याने ही खबरदारी आपल्याकडे नवी नाही.

डिसॉल्टरमध्ये (क्रूड पाण्याने धुऊन क्षार काढणाऱ्या पात्रात) बारीक गाळ आणि मेण मिळून पाणी-तेलाचे चिवट इमल्शन धरतात, तेव्हा डीमल्सिफायर (इमल्शन फोडणारे रसायन) बदलून पाहावा. वाहतुकीपूर्वी हायड्रोजन सल्फाइड मारण्यासाठी घातलेल्या रसायनांतून अमाइन (नायट्रोजनयुक्त संयुगे) उरतात; धुण्याच्या पाण्याचा सामू कमी ठेवला तर ते पाण्यात उतरतात, नाही तर ऊर्ध्वपातन टॉवरच्या माथ्यावर त्यांचे क्लोराइड क्षार जमून धातू खातात.

शेवटी शेल क्रूडचे प्रमाण ठरवताना नाफ्थ्याचा (पेट्रोलसारख्या हलक्या भागाचा) वाढता भार माथ्यावरच्या कंडेन्सरला पेलतो का आणि एफसीसीला (जड तेलाचे रेणू उत्प्रेरकाने तोडणाऱ्या युनिटला) पुरेसा कोक (उत्प्रेरकावर साचणारा कार्बन) मिळून तो जाळणाऱ्या रिजनरेटरचे तापमान टिकते का, हे पाहावे. तापमान घसरू लागले तर फीडमध्ये थोडा रेसिड्यू (ऊर्ध्वपातनानंतर उरणारे जड तेल) मिसळावा.