वारं सुटलंय, आज घोड्यावर बसायचं की नाही, कसं ठरवायचं

मिरगाचा पाऊस सुरू झाला की आमच्या बेळगाव भागात वारं जे सुटतं ते पार गणपती येईपर्यंत थांबायचं नाव घेत नाही, आणि त्या दिवसांत मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न एकच, "काका, आज बसायचं काय हो?" माझ्याकडं एक मारवाडी घोडी आहे, अकलूजच्या बाजारातनं आणलेली, आणि गावातली चार पोरं रविवारी तिच्यावर बसायला शिकायला येतात. त्या पोरांना सांगतो तेच इथं लिहितोय. हा निर्णय खोगीर घालायच्या आधी घ्यायचा असतो, आणि घेताना वारा किती आहे यापेक्षा वारा कसा येतोय हे बघायचं असतं.

आधी घोडं वाऱ्यात का बिथरतं ते समजून घ्या, नाहीतर लोक "माजलंय" म्हणतात आणि फटके देतात, आणि पुढच्या वेळी ते जनावर वाऱ्याला तर भितंच, वर तुम्हालाही भितं. घोडं म्हणजे शिकार होणारं जनावर, त्याचा जीव कानावर आणि नाकावर वाचत आलेला. दोन्ही कान वेगवेगळे फिरतात, आणि माणसाला २० हजार हर्ट्झच्या वरचं काही ऐकू येत नाही तिथं घोड्याला ३३ हजारांपर्यंतचं ऐकू येतं. वाऱ्यात उसाचा पाला सळसळतो, गोठ्याचा पत्रा वाजतो, कळकाचं बेट करकरतं, या सगळ्या आवाजात मागनं येणारं पाऊल त्याला वेगळं काढता येत नाही. वास कुठनं आला तेही कळत नाही. आणि डोळ्यांनी तर त्याला जवळपास चारी बाजूंचं दिसतं, फक्त कपाळाच्या अगदी पुढ्यातलं आणि शेपटीमागचं तेवढं नाही, त्यामुळं हललेली प्रत्येक वस्तू नजरेत भरते आणि वाऱ्यात तर सगळंच हलत असतं. शेतातलं बुजगावणं बघा, नावातच बुज आहे, माझी घोडी रोज त्याच्या शेजारनं जाते, बघत पण नाही, पण वाऱ्यानं त्याचा शर्ट फुगला आणि बाही वर उडाली की चारी पाय रोवून उभी राहते.

आता वारा मोजायचा कसा. मोबाईलवरच्या हवामान ॲपमध्ये दोन आकडे असतात, एक वाऱ्याचा सरासरी वेग आणि दुसरा झोताचा, म्हणजे मध्येच जो जोरात हबका येतो त्याचा. इथले सगळे आकडे ताशी किलोमीटरमध्ये आहेत. बहुतेकजण पहिला बघतात आणि निघतात. दुसरा बघा. सरासरी २५ आणि झोत ३० असेल तर घोड्याला पाच-दहा मिनिटांत त्या वाऱ्याची सवय होते, पण सरासरी १५ आणि झोत ४५ असेल तर सवय कशाची होणार, प्रत्येक हबका नवाच असतो. ॲपमधला आकडा मोकळ्या जागेत जमिनीपासून १० मीटर उंचीचा धरलेला असतो हेही लक्षात ठेवा, खाली गाडीवाटेवर तो कमी लागेल आणि राजहंसगडासारख्या उंचावर गेलात तर जास्त.

माझा स्वतःचा हिशोब असा. झोत ३० च्या आत असला तर बसतो. ३० ते ४० मध्ये असला तर ओळखीचं, मुरलेलं घोडं आणि अनुभवी माणूस असेल तरच, आणि तेही आडोशाच्या वाटेनं. ४० च्या वर पोरांना कुणालाच बसवत नाही. ५० च्या वर मी पण नाही बसत, घोडी कितीही शांत असू दे. हे कुठल्या पुस्तकातलं नाही, माझं आहे, तुमचं घोडं नवं असेल तर सगळे आकडे आणखी १० नी खाली आणा.

मोबाईल नसला तरी काय अडत नाही, अंगणात उभं राहून बघा. रस्त्यावरची धूळ आणि कागद उडायलेत, झाडाच्या बारक्या फांद्या हलायल्यात, म्हणजे साधारण २० ते २८. लहान झाडं आख्खी डोलायला लागली की ३० च्या पुढं गेलं. मोठ्या फांद्या हलतात, लाईटच्या तारा शीळ घालतात, छत्री धरवत नाही, म्हणजे ४० किंवा त्याच्या वर, तिथं विषय संपला. गावच्या वेशीवर भगवा झेंडा असतो त्याच्याकडं दोन मिनिटं नुसतं बघत उभं राहा. एकसारखा एका दिशेला फडफडत असला तर बरं. मध्येच लोंबला, परत ताडकन ताठ झाला, परत दुसऱ्या बाजूला गेला, तर तो झोताचा वारा.

आपल्याकडं वारे पण तीन तऱ्हेचे आहेत आणि तिन्हींचा स्वभाव वेगळा. आषाढ-श्रावणातला पश्चिमेकडचा वारा, चोर्ल्याकडनं घाट चढून येणारा, खानापूर-जांबोटीकडं तर पावसाला आडवा करणारा, तो जोरात असतो पण बराचसा एकसारखा असतो, त्यात उघडीप बघून थोडं फिरवता येतं. हिवाळ्यातला सकाळचा पूर्वेकडचा कोरडा वारा तसा सौम्य, पण थंडीनं घोडं मुळातच तरतरीत असतं, शेपटीखाली गार वारा लागला की उड्या मारतं. आणि तिसरा वळवाचा, एप्रिल-मे मधला. दुपारपर्यंत पान हलत नाही, अंगाची लाही होते, मग एका बाजूनं काळं भरून येतं आणि पाच मिनिटांत धूळ, पालापाचोळा, गारा सगळं एकदम. या वाऱ्याशी खेळू नका. वळवाच्या दिवसांत बसायचं तर सकाळी ९ च्या आत आटपायचं. गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज तुमच्यापर्यंत पोहोचण्याइतकी जवळ आहे, खाली उतरा, एकट्या झाडाखाली थांबू नका, तारेच्या कुंपणापासून लांब राहून पक्क्या आडोशाला जा, आणि शेवटचा गडगडाट झाल्यावर ३० मिनिटं परत बाहेर पडू नका.

मला हे शहाणपण पडूनच आलंय. असाच मे महिना होता, संध्याकाळचे पाच, मोबाईलवर वारा १८ दाखवत होता. आमच्याकडं घोडीचं बघायला एक म्हातारबा यायचे, कन्नड बोलणारे, सगळं आयुष्य घोड्यांत गेलेलं. त्यांनी आभाळाकडं बघितलं आणि म्हणाले, "गाळी भाळ ऐती, ब्याडा", वारं लई आहे, नको. मी म्हटलं, कुठं आहे वारं, १८ तर आहे. गावाच्या कमानीजवळ वाढदिवसाचा एक मोठा फ्लेक्स लावलेला, त्याचा एक कोपरा सुटलेला. आम्ही त्याच्या बरोबरीला आलो आणि पहिला हबका आला. तो सुटलेला कोपरा चाबकासारखा वाजला, घोडी एका उडीत दोन हात बाजूला गेली आणि मी होतो तिथंच हवेत राहिलो. डाव्या खांद्यावर पडलो, गळपट्टीचं हाड मोडलं, सहा आठवडे हात गळ्यात. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. घोडीची काही चूक नव्हती.

वारा बघून झाला की त्या दिवसाचं घोडं बघायचं. तीन दिवस पावसानं तबेल्यात उभं असेल, चंदी-हरभरा रोजच्याइतकाच चालू असेल, तर त्याच्या अंगात तीन दिवसांचा जोर साठलेला असतो, अशा घोड्याला साध्या वाऱ्यात पण बसू नका. मोहरकी, म्हणजे तोंडावरची दोरी, घालून बाहेर काढा आणि दहा मिनिटं हातानं फिरवा. थांब म्हटल्यावर थांबतं का, दोन पावलं मागं जातं का, दोरी ढिली सोडली तर तुमच्या शेजारी राहतं का. माझ्या घोडीच्या कानांची टोकं वर एकमेकांना टेकतात, मारवाडीचे असतातच तसे, आणि घाबरली की ती टोकं पुढं एका जागी खिळ्यासारखी ठरतात, मान वर जाते, नाकपुड्या फुगतात, मी हाक मारली तरी एक कान पण माझ्याकडं वळत नाही. शांत असली की एक कान पुढं आणि एक माझ्याकडं, मान खाली येते, ओठ चाटते, हळूच फुरफुरते. दहा मिनिटांत हा दुसरा प्रकार दिसला तर खोगीर घाला. नाही दिसला तर लांब दोरीवर दोन्ही बाजूंनी गोल फिरवा, आधी चालीत मग दुडकी, आणि परत बघा. तरी कान तुमच्याकडं येत नसतील तर तिचं उत्तर मिळालं.

मग स्वतःकडं बघा. तुम्हालाच पोटात गोळा आलाय, लगाम धरलेला हात ताठ आहे, तर नका बसू, घोड्याला ते लगामातनं लगेच कळतं. "एवढं लांबनं आलोय, न बसता कसं जायचं" म्हणून बसणारे पण मी बघितलेत, पडलेले पण बघितलेत.

बसायचं ठरलं तर वाट विचार करून निवडा. पावसाळ्यातला वारा पश्चिमेचा, म्हणून डोंगराच्या पूर्वेच्या अंगानं जा, नाहीतर दोन्हीकडं उंच बांध असलेली गाडीवाट धरा. निलगिरी आणि गुलमोहर यांच्या फांद्या वाऱ्यात मोडतात, त्यांच्या खालनं नको. शेडनेट, मल्चिंगचा प्लास्टिक कागद, ताडपत्री, फ्लेक्स, या सगळ्या जागा आदल्या दिवशी चालत जाऊन बघून ठेवा. उसाच्या सीझनला ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून येतात तरी उलट्या वाऱ्यात ते अगदी जवळ येईपर्यंत ऐकू येत नाहीत, तेव्हा रस्ता ओलांडताना कानावर विसंबू नका, मान वळवून बघा. जाताना वारा समोरनं घ्या, पुढं काय आहे त्याचा वास घोड्याला आधी लागतो. आडव्या वाऱ्यात घोडं तिरकं सरकत राहतं. परतताना घराची ओढ असते, त्यात पाठीमागनं वारा, म्हणून परतीची सगळी वाट चालीत, दुडकी पण नको.

कपड्यांचं थोडक्यात सांगतो. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली घट्ट, ओढणी-मफलर नको, जॅकेटची चेन वरपर्यंत लावलेली, प्लास्टिकचा खुळखुळणारा रेनकोट अजिबात नको आणि घोड्यावर बसून तो घालायचा-काढायचा तर मुळीच नाही. धुळीसाठी साधा चष्मा. तंग, म्हणजे खोगीराचा पोटाखालचा पट्टा, घोड्यावर चढण्याआधी एकदा आणि दहा मिनिटांनी परत एकदा तपासा.

वाटेत वारं वाढलंच तर घोडं ज्या वस्तूला बुजलंय तिच्याकडं तुम्ही बघत बसू नका, तिच्या पलीकडं बघा आणि घोड्याला काम द्या, वळव, थांब, परत वळव. सतत लगाम ताणून धरू नका, ओढा आणि सोडा, ओढा आणि सोडा. उधळायच्या बेतात असेल तेव्हाच एका बाजूचा लगाम गुडघ्याकडं आणून मान वळवा, एकदा चौखूर सुटल्यावर असं एकदम वळवलं तर घोडं तुमच्यासकट आडवं पडतं, तेव्हा मोठा गोल करत, जमलं तर चढाकडं न्या. उतरावं वाटलं तर ते तुफान व्हायच्या आधी उतरा, आणि लगाम कधीही हाताला गुंडाळू नका, पोरांना हे मी दर रविवारी सांगतो.

आणि नाही बसायचं ठरलं तर त्या दिवसाची चंदी निम्मी करा, वैरण पोटभर द्या. खूर साफ करा, खरारा करा, लांब दोरीवर वीस मिनिटं फिरवा. तबेल्याचा कुठला पत्रा वाजतोय तो शोधून खिळा मारा, कारण रात्रभर ती त्याच आवाजाखाली उभी राहणार आहे. शेवटी ओल्या फडक्यानं डोळ्यांच्या कडेची धूळ पुसा, आणि एखादा डोळा अर्धा मिटून पाणी गळत असेल तर उद्याची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.