कार्बन रोड बाईक घ्यायला पुण्याला निघायच्या आधी

शनिवारी सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडून पुण्याला कार्बन रोड बाईक, म्हणजे कार्बन फायबरच्या फ्रेमची रस्त्यावरची हलकी सायकल, बघायला निघालायस, ऐकून लय आनंद झाला. पण दुकानात एकदा ती काळीभोर फ्रेम हातात आली आणि दोन बोटांवर उचलून बघितली की माणसाचं डोकं चालायचं थांबतं, सगळ्यांचंच होतं तसं, म्हणून घरातून निघायच्या आधी काय काय करून ठेवायचं ते लिहून देतोय, सावकाश वाच. आणि एक गोष्ट आधीच मनात पक्की कर, सायकल पुण्यात मिळणार असली तरी चालवायची सोलापुरात आहे, बिघडणार पण सोलापुरातच, आणि पुणं इथून अडीचशे किलोमीटर आहे. त्यामुळं प्रत्येक पार्टकडं बघताना एवढंच विचारायचं की हे इथं मिळेल का आणि इथं कुणाला जमेल का.

पहिलं काम आज रात्रीचंच, अंगाची मापं. अनवाणी भिंतीला पाठ टेकून उभा राहा, दोन पायांच्या मधे एक जाड पुठ्ठ्याचं पुस्तक सीटवर बसल्यावर जेवढा दाब येतो तेवढं वर दाबून धर, पुस्तकाच्या वरच्या कडेला भिंतीवर पेन्सिलनं खूण करायला घरातल्या कुणालातरी सांग आणि जमिनीपासून खुणेपर्यंत टेप लाव, असं तीनदा कर कारण एकदा मोजलेलं चुकतंच. ह्याला इनसीम म्हणतात. त्याला ०.८८३ नं गुणलं की बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचा दांडा फिरतो तो फ्रेममधला भाग) मध्यापासून सीटच्या वरपर्यंतची अंदाजे उंची मिळते, म्हणजे इनसीम ८२ सेंटीमीटर असला तर सीट ७२.४ ला. हा सुरुवातीचा आकडा आहे, पुढं पाच-दहा मिलीमीटर इकडंतिकडं होणारच. आत्ता जी सायकल चालवतोयस तिची पण मापं घे, सीटचं टोक ते हँडल किती, सीटपेक्षा हँडल किती खाली, आणि चाळीस किलोमीटरनंतर नक्की काय दुखतं, मान, तळहात का कंबर, ते पण लिही. दुकानातल्या माणसाला हा कागद दिलास की तो तुझ्याशी वेगळ्या भाषेत बोलायला लागतो, मी बघितलंय.

साइजवर येतो, कारण माझ्या मते निम्म्या नवीन लोकांचे पैसे इथंच वाया जातात. "तुमची उंची एवढी म्हणजे ५४ घ्या" हे ऐकून घ्यायचं पण त्यावर ठरवायचं नाही, एका कंपनीची ५४ आणि दुसरीची ५४ सारखी नसते. कंपनीच्या वेबसाइटवर जिऑमेट्रीचा, म्हणजे फ्रेमच्या मापांचा तक्ता असतो, त्यात स्टॅक आणि रीच हे दोन आकडे शोध. स्टॅक म्हणजे बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून हेडट्यूबच्या (हँडलखालची फ्रेमची उभी नळी) वरच्या टोकापर्यंतची उभी उंची, रीच म्हणजे त्याच दोन टोकांमधलं आडवं अंतर. स्टॅकला रीचनं भाग, उत्तर दीडच्या आसपास किंवा वर आलं तर बसणं जरा सरळ, १.४५ च्या खाली गेलं की रेसवाल्यांसारखं वाकून बसावं लागणार. तुला दीडच्या वरचीच बघायची आहे. एन्ड्युरन्स, म्हणजे लांब पल्ल्याच्या म्हणून ज्या येतात त्या, जायंटची डिफाय, ट्रेकची डोमाने, कॅननडेलची सिनॅप्स, डेकॅथलॉनच्या व्हॅन रायसेलमधली ईडीआर, ह्या जातीची. रेसची टीसीआर किंवा टारमॅक दिसायला देखणी आहे, मला पण आवडते, पण दोन वर्षं चालवून पाठ तयार झाली की घे. दोन साइजच्या मधे अडकलास तर लहान घे, लहान फ्रेमला लांब स्टेम (हँडल धरून ठेवणारा पुढचा तुकडा) लावता येतो, मोठी फ्रेम कापून लहान करता येत नाही.

आता कार्बन म्हणजे काय ते आपल्या सोलापुरातल्या माणसाला समजवायला सोपं आहे. चादरीत उभा धागा ताणा, आडवा बाणा, आणि कापड ज्या दिशेला ओढशील त्या दिशेचा धागा जोर घेतो. कार्बन फायबर पण धाग्याच्या दिशेलाच ताकदवान असतो, आडवं लावलं तर कमजोर, म्हणून फ्रेम बनवताना एकाच दिशेच्या धाग्यांचे पातळ पातळ थर वेगवेगळ्या कोनात एकावर एक रचतात आणि रेझिननं घट्ट करतात. पेडलपाशी कडक पाहिजे, सीटखाली थोडं दबणारं पाहिजे, हे सगळं त्या रचण्यावर आलं. त्यामुळं नुसतं "फुल कार्बन" ह्या शब्दाला काही किंमत नाही, आणि वरून दिसणारी विणलेली जाळी पुष्कळदा फक्त दिसण्यासाठीचा शेवटचा थर असते, ती बघून भुलायचं नाही.

वजनाचा हिशोब पण घरीच करून जा. तू आणि सायकल आणि पाणी मिळून ८४ किलो धरू, तुळजापूरच्या बाजूला चढायचा एखादा तुकडा तुला १५ मिनिटांचा लागत असेल तर एक किलो हलक्या सायकलनं तिथं दहा-अकरा सेकंद वाचतात. एवढंच. आणि आपल्याकडं बाकी सगळा माळ, सपाट, जून-जुलैत पश्चिमेचा वारा सुटला की मोहोळच्या दिशेनं जाताना छातीवर हात ठेवून कुणी मागं ढकलतंय असं वाटतं, तिथं वजन नाही, तुझं बसणं कामाला येतं. साडेसात किलो का साडेआठ किलो ह्यावर वीस-तीस हजार जास्त देऊ नकोस.

त्याच्याऐवजी टायरची जागा बघ, हे मी आग्रहानं सांगतो. फ्रेमवर कमीतकमी ३२ मिलीमीटरचा टायर बसला पाहिजे, सायकलबरोबर २८ चे आले तरी चालतील. होटगी रोडला, विजापूर रोडला, अक्कलकोटच्या बाजूला कडेला काय काय पडलेलं असतं तुला माहितीय, ऊस सुरू झाला की ट्रॉलीतून पडलेली कांडकी, पावसात शेतातून ट्रॅक्टरनं आणलेली काळी माती, आणि वेडी बाभूळ आणि सराटे बारा महिने. २५ च्या टायरमधे शंभर पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा भरून ह्या रस्त्यावर चालवलं तर कार्बनचा सगळा मऊपणा तिथंच संपला. ट्यूबलेस होणारी चाकं असली तर फार बरं, सराट्याचं बारीक भोक आतलं सीलंट चालताचालता बुजवतं, फक्त आपल्या उन्हाळ्यात ते लवकर सुकतं म्हणून दोन महिन्यांनी उघडून बघायचं. ट्यूबलेस असलं तरी एक ट्यूब खिशात पाहिजेच, टायर बाजूनं कापला तर सीलंट काही करत नाही.

गिअरचं थोडक्यात. बजेटमधे बसलं तर शिमानो १०५, बारा स्पीडची मेकॅनिकल २०२३ मधे आली ती मला आपल्यासारख्यांना सगळ्यात योग्य वाटते, पुढच्या दोन चक्रांना ५० आणि ३४ दाते, आणि मागं ३४ किंवा ३६ दात्यांपर्यंतची कॅसेट, म्हणजे मागच्या चक्रांचा गठ्ठा. इलेक्ट्रॉनिक डीआय२ चांगलीच आहे पण काही अडलं तर इथं कोण उघडणार. कुणी कार्बन फ्रेमवर खालच्या दर्जाचा ग्रुपसेट (गिअर-ब्रेकचा संच) आणि तेवढ्याच पैशात अॅल्युमिनियम फ्रेमवर कार्बन फोर्क (पुढच्या चाकाचा चिमटा) आणि १०५ असं दोन्ही समोर ठेवलं, तर मी अॅल्युमिनियम उचलेन, आणि तू सलग तीन-चार महिने आठवड्याला शंभर किलोमीटर केले नसतील तर तुला पण तेच सांगेन.

ब्रेक हायड्रॉलिक डिस्कच, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे घे, पण एक लक्षात ठेव, शिमानोच्या ब्रेकमधे मिनरल ऑइल असतं आणि स्रॅमच्या रोड ब्रेकमधे डॉट फ्लुइड. मोटरसायकलच्या गॅरेजमधे डॉट फ्लुइडची बाटली असतेच, आणि कुणीतरी मदत म्हणून शिमानोत ते ओतलं की आतली रबरं फुगून ब्रेक गेलाच समज. घरात मिनरल ऑइलची छोटी बाटली आणून ठेव.

आता तीन जागी वाकून बघायचं आहे, लाज न बाळगता. पहिली बॉटम ब्रॅकेट, आटे असलेली आहे का दाबून बसवलेली. आट्याची घे, दाबून बसवलेली धूळ खाऊन कुरकुर करायला लागते आणि ती काढायची हत्यारं सगळ्यांकडं नसतात. दुसरी हँडलपाशी, वायरी आणि ब्रेकचे पाइप पूर्ण आतून हेडसेटमधून (हँडल फिरतं तिथली बेअरिंगं) गेलेत का. दिसायला स्वच्छ दिसतं, पण वरचं बेअरिंग बदलायचं म्हटलं तर ब्रेकचा पाइप सोडावा लागतो, परत ऑइल, परत हवा काढणं. आणि उन्हाळ्यात आपला घाम टपटप नेमका त्याच बेअरिंगवर आणि बोल्टवर पडतो, दोन सीझनमधे गंज. तिसरी सीटपोस्ट, म्हणजे सीटखालची नळी, गोल २७.२ मिलीमीटरची असली तर कुठंही मिळेल, त्या कंपनीचीच वेगळ्या आकाराची असली तर एक छोटी पाचर हरवली तरी तीन आठवडे सायकल उभी.

सीटपोस्टवरनं माझंच सांगतो. माझी पहिली कार्बन, पहिल्याच महिन्यात सीट हळूहळू खाली जायला लागली, अक्कलकोटहून येताना गुडघे दुखायला लागले तेव्हा कळलं, सेंटीमीटरभर खाली आलेली. एका दुकानात थांबलो, त्यांनी लांब अॅलन की घेतली आणि पूर्ण अंगाचा जोर लावून आवळलं, आणि "कट्" असा बारीक आवाज आला, सुपारी फुटल्यासारखा. वरून काहीच दिसेना. घरी येऊन पोस्ट बाहेर काढली, पांढऱ्या बनियननं पुसली तर एका जागी बनियनचा धागा अडकला, नखानं बघितलं तर केसाएवढी रेघ, क्लॅम्पच्या बरोबर खाली. पोस्ट गेली, फ्रेम वाचली हे नशीब. त्या माणसाची चूक पण म्हणवत नाही, आयुष्यभर लोखंडाच्या सायकली आवळल्यात त्यांनी. लोखंड वाकतं, अॅल्युमिनियमला पोचा पडतो, कार्बन आतून फुटतो आणि वरून शांत दिसतो. आणि सीट घसरत होती ती सैल होती म्हणून नाही, कार्बन पेस्ट लावलेली नव्हती म्हणून. ती वाळूसारखी खरखरीत पेस्ट असते, लावली की कमी जोरात पकड बसते, ग्रीस तिथं लावायचंच नाही.

म्हणून टॉर्क रेंच, म्हणजे जोर मोजून बोल्ट आवळायचा पाना, ही सायकलच्या किमतीतच धर, नंतर घेऊ असं नको. किती आवळायचं ते बोल्टपाशी छापलेलं असतं, ४, ५, ६ न्यूटन मीटर असं काहीतरी. पाच न्यूटन मीटर म्हणजे दहा सेंटीमीटरच्या अॅलन कीच्या टोकाला पाच किलोचं वजन टांगल्याएवढा जोर, करून बघ, आपल्याला वाटतं त्यापेक्षा फारच कमी असतो.

पैशाची विभागणी कागदावर. नवीन चांगली कार्बन दीड-दोन लाखाच्या पुढंच सुरू होते, आणि ह्या किमतीच्या सायकलीला पेडल बहुतेक वेळा नसतातच. त्यामुळं हातात दोन लाख असतील तर सायकल पावणेदोनचीच बघ, बाकीच्यात हेल्मेट, पेडल, शूज, पुढचा-मागचा लाइट, फ्लोअर पंप, टॉर्क रेंच, पेस्ट आणि एक जादा डिरेलर हँगर. हा हँगर विसरू नकोस, मागचा गिअर बदलणारा भाग ज्यावर टांगलेला असतो तो बोटाएवढा तुकडा असतो, सायकल उजव्या बाजूला पडली की पहिला तोच वाकतो, प्रत्येक मॉडेलचा वेगळा, आणि सोलापुरात शोधून मिळणार नाही. बिल पक्कं घे, सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय तो लावलाय का बघ, आणि बॉटम ब्रॅकेटखालचा फ्रेम नंबर बिलावर लिहून घे. वॉरंटी पुष्कळ कंपन्या फक्त पहिल्या मालकाला देतात.

सेकंडहँड बघायची झाली तर वॉरंटी त्यामुळंच धरायची नाही. सायकल धुऊन दाखव म्हणायचं, मग कोरड्या सुती कापडानं सगळी फ्रेम चोळायची, हेडट्यूबचा जोड, सीटचा क्लॅम्प, चेनखालची नळी ह्या जागा दोनदा. दहाच्या नाण्यानं हलकं ठोकत जा, आवाज टणक येत येत एखाद्या जागी बद्द झाला तर तिथं थर सुटलाय. रंग एका जागी वेगळा चमकत असला तर विचारायचं नाही, सोडून यायचं.

टेस्ट राइड पार्किंगमधे एक गोल मारण्याची नको, वीस मिनिटं तरी माग, तुझा पाण्याच्या बाटल्यांचा अंदाज पण तिथंच बघ, लहान फ्रेमवर दोन मोठ्या बाटल्या बसतात का, कारण एप्रिल-मेमधे पहाटे पाचला निघालास तरी परतताना एका बाटलीत भागत नाही.

आणि शनिवारी बुकिंग करू नकोस. नुसता बघून, चालवून, आकडे लिहून परत ये, दोन रात्री जाऊ दे. आणायला कार घेऊन जाऊ, रेल्वेच्या पार्सल डब्यात बाकीच्या पेट्यांखाली कार्बन फ्रेम टाकायला माझं मन होत नाही. चाकं काढली की ब्रेकच्या कॅलिपरमधे (जिथं दोन पॅड असतात तिथं) प्लास्टिकचे तुकडे घालायचे, नाहीतर वाटेत लिव्हर दाबला गेला तर पॅड चिकटून बसतात. घरी आल्यावर सीटपोस्टला योग्य उंचीवर इलेक्ट्रिकची काळी टेप एक वेढा मार, घसरली तर लगेच दिसेल. पहिले दोनशे किलोमीटर झाले की स्टेम, सीट, क्रँक सगळे बोल्ट परत टॉर्कवर तपासायचे आहेत, तोपर्यंत तुझी रेंच आली नसली तर रविवारी साडेपाचला हिप्परग्याच्या तळ्यापाशी ये, माझी घेऊन येतो.