कॉफीत यायचंय? आधी फडकं धरा

मी कॉफीच्या धंद्यात. कोल्हापुरात राजारामपुरीत कॅफे वाढले तसे मला फोनही वाढले. "दादा, बरिस्ता, म्हणजे कॅफेत कॉफी बनवणारा, व्हायचंय, कोर्स कुठला करू?" माझं उत्तर ठरलेलं: आधी सहा महिने कुठल्या तरी कॅफेच्या साखळीतल्या दुकानात काढा, मग कोर्सचं बोलू.

मी स्वतः बीकॉम झालो आणि पुण्यात अशाच एका दुकानात चिकटलो. कॉफीतलं काय येतं, असं मुलाखतीत विचारलं. "पिता येते," म्हणालो. तरी घेतलं, कारण त्यांना माणूस हवा होता. पहिले पंधरा दिवस मशिनला हात नाही. फरशी, भांडी, दुधाचे क्रेट आणि हातात एक ओलं फडकं. दूध तापवायची वाफेची नळी, तिला सगळे स्टीम वाँड म्हणतात, ती दूध तापवल्या तापवल्या पुसायची आणि एकदा वाफ सोडून आतलं दूध बाहेर काढायचं. एका शनिवारी गर्दीत मी विसरलो. दूध आत करपून भोकं बुजली. सात गिऱ्हाईकं समोर उभी आणि मी सुईनं भोकं टोकरतोय. तेव्हापासून फडकं खांद्यावरून खाली आलेलं नाही.

एस्प्रेसोचं, म्हणजे मशिनच्या दाबानं काढलेल्या घट्ट कॉफीचं, गणित सोपं वाटतं. 18 ग्रॅम पावडर, 25 ते 30 सेकंदांत साधारण 36 ग्रॅम कॉफी. लवकर उतरली तर आंबट, रेंगाळली तर कडू. पण सकाळी बसवलेली दळणाची जाडी दुपारी हवा दमट झाली की बिघडते, मग पुन्हा ग्राइंडर फिरवा, पुन्हा चाखा. हे व्हिडिओ बघून येत नाही.

दुधाचा माज मला कोल्हापूरचा होता. गंगावेशीत म्हशीचं दूध पिऊन वाढलेला पोरगा, मला काय शिकवणार? पण म्हशीच्या दुधाची साय एवढी जड की कॉफी खाली दबते. शिवाय दूध 60 ते 65 अंशांवर थांबवायचं, पुढं गेलं की गोडवा उतरतो. आपल्याकडचं गिऱ्हाईक मात्र "जरा कडक गरम द्या" म्हणतंच. वाद घालू नका, कप आधी गरम पाण्यानं तापवून घ्या.

एक तक्रारही सांगतो. ड्युटी अकराला संपायची, साफसफाई बाराला. तो तास पगारात कधी धरलाच नाही. मुलाखतीतच विचारून घ्या.

साखळीत खरं शिकायचं ते हिशोब. किलोला 1,200 रुपयांची भाजलेली कॉफी धरली तर एका कपात 22 रुपयांचे दाणे, 9-10 रुपयांचं दूध. कप 180 चा. उरलेले पैसे भाडं, पगार, वीज आणि वाया गेलेला माल खातो. रोज रात्री किती दूध ओतून दिलं ते आम्ही वहीत लिहायचो. ती वही वाचायला शिका. दाणे 22 चे आणि कप 180 चा, मोठ्यांचा धंदाही याच फरकावर वाढला: अमेरिकेतलं स्टारबक्स 1971 साली सिॲटलमध्ये सुरू झालं तेव्हा दाणेच विकायचं. 1983 मध्ये तिथंच कामाला असलेल्या हॉवर्ड शुल्ट्झनं इटलीत मिलानमधले एस्प्रेसो बार पाहिले, आणि पुढं दाण्यांऐवजी कप नि बसायची जागा विकायचा धंदा वाढला. आपल्याकडे कॅफे कॉफी डे 1996 ला बेंगळुरूत आलं, टाटांबरोबर स्टारबक्स 2012 ला मुंबईत.

आता माझी छोटी भट्टी आहे, दाणे भाजून कॅफेंना देतो. कच्चा किलो भाजला की साडेआठशे ग्रॅमच्या आसपास हाती येतो. 2024 ला ब्राझीलमध्ये पाऊस ताणला आणि 2025 च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात अरेबिका जातीची कॉफी एका पाउंड वजनाला 4 डॉलरच्या वर गेली. चिकमगळुरूचा मालही त्याच वाऱ्यावर महागला. कपामागं कॅफेला दहा-पंधरा रुपये जास्त लागले, ते त्यांनी गिऱ्हाइकावर टाकले. मेलो मी, कारण तेवढ्याच पोत्यांना भांडवल जवळजवळ दुप्पट लागलं. कॅफे उघडायचा की भट्टी टाकायची, हे ठरवताना हा फरक डोक्यात ठेवा.

कोर्स म्हणाल तर केंद्र सरकारच्या कॉफी बोर्डाचा बेंगळुरूला पदव्युत्तर डिप्लोमा आहे, तो शेतकी किंवा विज्ञानवाल्यांसाठी. आमच्यासारख्यांना त्यांचं थोड्या दिवसांचं 'कापी शास्त्र' प्रशिक्षण बरं. त्याआधी डिसेंबर-जानेवारीत चिकमगळुरूकडे तोडणी बघून या. झाडावरचं लाल फळ तोंडात टाका. गर गोड आणि चिकट, कॉफीसारखं काहीच लागत नाही.

आमच्या आबांची हयात गुळाच्या अडतीवर गेली. "दुष्काळ ब्राझीलला, महाग आपलं का?" त्यांनी विचारलं. म्हटलं, कर्नाटकातनं गूळ आला की मार्केट यार्डात आपला भाव का बसतो? लगेच समजलं. आता सकाळी चहा पितानाच विचारतात, "न्यूयॉर्कला सौदा कितीला निघाला रे?"