फळांचा क्रम्बल केक बिघडतो कुठे? या चुका टाळा

थंडीत मंडईत महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचे बॉक्स आले की मला फोन सुरू होतात. तक्रार एकच: "मावशी, वरून मस्त खरपूस झालाय, पण आत सगळा गिच्च!"

स्ट्रॉबेरीत नव्वद टक्के पाणीच असतं. माझ्या भाचीने सासूबाईंच्या वाढदिवसासाठी फळं रात्रीच चिरून, साखर लावून ठेवली. सकाळी वाडगाभर रस सुटला होता. "रस कशाला वाया घालवायचा" म्हणून तिने तो सगळा मिश्रणात ओतला. पंचवीस मिनिटांत क्रम्बल, म्हणजे केकवरचा मैदा-साखर-बटरचा भुरभुरीत थर, सोनेरी झाला, घर घमघमलं आणि तिने केक बाहेर काढला. पाहुण्यांसमोर पहिली सुरी घातली तर खालून कच्चं मिश्रण ताटात वाहिलं. पोरगी रडवेली झाली. वरचा थर लोणी आणि साखरेमुळे आधीच रंगतो, त्यावरून केक झाला की नाही ते कळत नाही.

मी फळं धुऊन सुती कापडावर पूर्ण कोरडी करते, ऐनवेळी मोठी चिरते, चमचाभर मैद्यात घोळवते आणि मिश्रणात न ढवळता वर पसरते. दीडशे ग्रॅम मैद्याच्या केकला दोनशे ग्रॅमच्या वर फळ घालत नाही. पुरंदरचे अंजीर मिळाले तर साखर कमी करते. ओव्हन १७० अंशांवर, टिन मधल्या रॅकवर. वरचा रंग लवकर चढला तर फॉइल अलगद झाकते आणि केक आतून झाला का ते बघायला विणायची सुई मधोमध थेट तळापर्यंत घालते; कोरडी निघाली की झाला. ती फळात गेली तर ओलीच येणार, म्हणून दोन-तीन जागी बघते.

दुसरी चूक बटर वितळवण्याची. शंकरपाळ्याला कडकडीत मोहन घालायची आपल्या हाताला सवय, त्यामुळे इथेही तेच होतं. मग क्रम्बलचा गोळा होतो आणि वर सपाट पापडी बसते. इथे बटर फ्रीजमधलं गारच हवं. शंभर ग्रॅम मैदा, पन्नास साखर, साठ बटर. फक्त बोटांच्या टोकांनी चोळायचं, हरभऱ्याएवढे खडे राहू द्यायचे. पुण्याच्या मे महिन्यात बटर ओट्यावर पाच मिनिटंही टिकत नाही, म्हणून मी क्रम्बल पंधरा मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवते. या पंधरा मिनिटांचाच सगळ्यांना कंटाळा येतो, आणि मला त्याचाच राग येतो. एवढा धीर नसेल त्याने साधा रव्याचा केक करावा, तोही छान लागतो.

ओटीजी, म्हणजे घरचा छोटा विजेचा ओव्हन, आधी तापवल्याशिवाय टिन आत ठेवू नका. मायक्रोवेव्ह असेल तर कन्व्हेक्शनवरच, म्हणजे गरम हवेच्या मोडवरच करा. जुनी बेकिंग पावडर गरम पाण्यात टाकून बघा, फसफसली नाही तर फेकून द्या. गरम केक कापू नका आणि गरम असताना झाकण तर मुळीच लावू नका, वाफेने क्रम्बल मऊ पडतो. उरलेला केक फ्रीजमध्ये ठेवा आणि खाताना तुकडा ओटीजीत पाच मिनिटं गरम करा.