फॉरमॅट मारण्याआधी फॉन्ट काढून ठेवा

तुळशीचं लग्न झालं की काकांच्या दुकानात पत्रिकांची झुंबड उडते. कराडला त्यांचं कंपोझिंगचं लहानसं दुकान आहे आणि सगळा कारभार २०१८ सालच्या एका लॅपटॉपवर चालतो. यंदा नेमकं त्याच आठवड्यात अपडेट चालू असताना वीज गेली. बॅटरी केव्हाच निकामी झालेली, त्यामुळे लॅपटॉप जागीच बंद पडला. नंतर पासवर्ड टाकला की नुसता काळा पडदा आणि त्यावर पांढरा बाण. काकांचा फोन आला, "अगं, फॉरमॅट मारावा लागेल म्हणतात. माझ्या पत्रिका राहतील ना?"

त्यांच्या भीतीला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी एका दुकानदाराने असाच फॉरमॅट मारून दिला होता. फाईली एकूण एक होत्या, पण उघडल्या की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टक्क्यांच्या खुणांची खिचडी. कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाईलीत खरं मराठी साठवलेलं नसतंच. आत असतात इंग्रजी अक्षरांचे कोड, त्यांना मराठी रूप देतो तो फॉन्ट. तो गेला की फाईल असून नसल्यासारखी. म्हणून विंडोज टाकण्यापेक्षा आधीच्या आवराआवरीला मी जास्त वेळ देते, तुम्हीही द्या.

पहिलं काम सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज अगदी गरजेपुरतंच सुरू होतं त्या अवस्थेत शिरायचं. लॅपटॉप सुरू होताना पॉवरचं बटण दाबून धरून दोन-तीनदा बंद केला की दुरुस्तीचा निळा पडदा येतो. तिथे ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट आणि मग ४ आकडा. याच वाटेवर बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची, ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते, मोबाईलवरून लॉगिन करून आधीच वहीत उतरवून घ्या.

आत गेल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो हे छोटं मोफत सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवरून चालवा. डिस्कची तब्येत निळ्या रंगात 'गुड' दिसली तर पुढे जा. पिवळ्यात 'कॉशन' दिसलं तर आधी बॅकअप घ्या आणि नवी एसएसडी (वेगवान प्रकारची डिस्क) आणा, कारण खराब होत चाललेल्या डिस्कवर विंडोज टाकण्यात अर्थ नाही. काकांची २४० जीबीची एसएसडी ठणठणीत होती.

आता बॅकअप. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स हे सगळे घेतातच. फॉन्ट मात्र दोन ठिकाणी सापडतात. एक म्हणजे सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरातला 'फॉन्ट्स'. दुसरी जागा लपलेली असते: यूजर्समध्ये तुमच्या नावाचा फोल्डर, त्यात अ‍ॅपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज आणि मग 'फॉन्ट्स'. गेल्या काही वर्षांत साधा डबल क्लिक करून बसवलेले फॉन्ट इथे जातात. अ‍ॅपडेटा दिसत नसेल तर व्ह्यूमध्ये जाऊन 'हिडन आयटम्स'वर खूण करा. काकांचे अकरा फॉन्ट इथेच निघाले. कंपोझिंगच्या सॉफ्टवेअरची सेटअप फाईल, तिचा सिरीयल नंबर आणि यूएसबीचं लॉक (ते लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही) असेल तर तेही हाताशी ठेवा. ब्राउझरमधले पासवर्डही एक्सपोर्ट करून घ्या.

दुसऱ्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोजचा पेन ड्राइव्ह बनवणारं मीडिया क्रिएशन टूल घ्या. किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह लागतो आणि तो पूर्ण पुसला जातो. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून मी ११ च टाकलं. काकांचा प्रोसेसर आठव्या पिढीचा आय५, त्याला ते चालतं. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये, टीपीएम ही सुरक्षेची चिप बंद असेल तर आधी सुरू करा.

पेन ड्राइव्ह लावून लॅपटॉप सुरू करताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप, जी तुमच्या कंपनीची बूटची की (लॅपटॉप कशावरून सुरू करायचा ते विचारणारं बटण) असेल ती दाबत राहा. बॅकअपची डिस्क मात्र आधी काढून बाजूला ठेवा, याबाबत मी हट्टी आहे. पुढच्या पडद्यावर सगळे ड्राइव्ह एकाखाली एक येतात आणि घाईत चुकीची ओळ निवडली जाते. नाव नाही, आकार वाचा. २४० जीबीची एसएसडी तिथे साधारण २२३ जीबी दिसते. तिच्यावरचे सगळे भाग एकेक करून डिलीट करत जा, शेवटी 'अनअलोकेटेड' अशी एकच ओळ उरली की ती निवडून नेक्स्ट. डी ड्राइव्हही यात जातो, म्हणून तो बॅकअपमध्ये आला आहे ना हे त्याआधी पुन्हा उघडून बघा.

विंडोजची प्रॉडक्ट की मागितली तर 'माझ्याकडे की नाही' हे निवडा. लॅपटॉपबरोबर आलेलं विंडोज असेल तर परवाना मशीनशीच जोडलेला असतो. फक्त आवृत्ती तीच हवी. आपल्याकडे बऱ्याच लॅपटॉपवर 'होम सिंगल लँग्वेज' असते, तिथे प्रो टाकलं तर अ‍ॅक्टिव्हेशन अडतं.

वायफायचा ड्रायव्हर (ते चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) नसल्यामुळे सेटअप इंटरनेटपाशी अडला तर अँड्रॉइड फोन केबलने जोडा आणि यूएसबी टेदरिंग सुरू करा, म्हणजे फोनचं इंटरनेट लॅपटॉपला मिळतं. काकांच्या दुकानात मी हेच केलं. मग सगळी अपडेट्स, उरलेले ड्रायव्हर आणि त्यानंतर फॉन्ट. फॉन्टवर राइट क्लिक करून 'इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स' निवडा, नाहीतर जुन्या सॉफ्टवेअरच्या यादीत ते दिसत नाहीत. नव्या मजकुरासाठी लँग्वेज सेटिंगमध्ये मराठी घालून फोनेटिक कीबोर्ड जोडला. काकांना विंडोज आणि स्पेसबार एकत्र दाबायची सवय दोन दिवसांत झाली.

लॅपटॉप परत देण्यापूर्वी प्रत्येक फॉन्टमधली एकेक जुनी फाईल मी काकांनाच उघडायला लावली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, पडद्याजवळ वाकले आणि सगळ्यात आधी 'चि. सौ. कां.'ची ओळ तपासली. मग 'कुऱ्हाडे' आडनावातला ऱ्हा. अकराव्या फाईलीनंतर त्यांनी मान हलवली, तरी बॅकअपची डिस्क मी महिनाभर पुसू दिली नाही.