होळी ते चैत्रगौर: मुलांच्या गोडधोडाची तयारी

होळीला पुरणपोळी, पंधरा दिवसांनी पाडव्याला श्रीखंड आणि चैत्र तृतीयेला गौर बसली की थेट अक्षय्य तृतीयेपर्यंत हळदीकुंकवाचं पन्हं. मुलांचं गोड एका दिवसाचं नसतं, चांगलं दीड महिन्याचं असतं. त्यामुळे 'सणच आहे, खाऊ दे' हे दर वेळी म्हणून चालत नाही. पण म्हणून ओट्सचं श्रीखंडही करू नका. मुलं त्यातला एक घास खातात आणि शेजारच्या घरी जाऊन पोटभर जेवून येतात. पदार्थ तेच ठेवायचे. गोडी उतरवायची आणि वाटी लहान करायची, एवढंच काम आहे.

सगळ्यात आधी घरातल्या मोठ्यांशी बोलून घ्या, विशेषतः आजीशी. पुरणात गूळ किती घालायचा हे तिच्याच हातात द्यावं, म्हणजे नंतर वरून साखर भुरभुरली जात नाही. एक आकडाही लक्षात असू द्या. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2016 साली सांगितलं की 2 ते 18 वर्षांच्या मुलांना वरून घातलेली साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आत असावी, म्हणजे साधारण सहा चमचे. दोन वर्षांखालच्यांना ती मुळीच नको. या हिशोबात गूळही धरायचा. गूळ रंगाने तपकिरी असला तरी बहुतांशी साखरच आहे, तेव्हा 'गुळाचं आहे' म्हणून दुसरी पोळी वाढू नका.

होळीच्या आदल्या रात्री हरभऱ्याची डाळ भिजत घाला. एक वाटी डाळीला एक वाटी गूळ हे जुनं माप; पाऊण वाटी घेतला तर कुणाच्या लक्षातही येत नाही. गूळ कमी असला की पुरण लवकर कोरडं होतं, म्हणून उलथनं उभं राहायला लागलं की लगेच गॅस बंद करायचा आणि गरम असतानाच पुरणयंत्रातून काढायचं. फारच घट्ट झालं तर चमचाभर कट घाला. वेलदोडा आणि जायफळ मात्र हात सैल सोडून. वास भरपूर असला की जिभेला गोडी कमी पडत नाही. पारीला मैदा नको. कणीक बारीक चाळणीने चाळून, सैलसर भिजवून, तेलाच्या हाताने तिंबून दोन तास ठेवली की पोळी फाटत नाही. मुलांसाठी पुरीएवढ्या पोळ्या लाटा. सोबत तूप आणि दूध द्या, गुळवणी नको. गोडावर आणखी गोड कशाला? कटाची आमटी मुलांसाठी तिखट घालण्याआधी बाजूला काढून ठेवा. थंडाई करणार असाल तर मुलांचं भांडं सुरुवातीपासूनच वेगळं ठेवा. लहानग्यांना बदाम-काजू अख्खे देऊ नका, घशात अडकतात. पूड करून दुधात घाला.

श्रीखंडाचा हिशोब जरा घाबरवणारा आहे. चक्का आणि साखर समसमान घेतली तर शंभर ग्रॅम श्रीखंडात पन्नास ग्रॅम साखर जाते, म्हणजे एका वाटीत मुलाची दोन दिवसांची मर्यादा संपली. विकतचा डबा आणणार असाल तर मागचं लेबल वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. घरी करायचं तर खरी गोम दह्यात आहे. दही आंबट झालं की साखर वाढवावीच लागते. पाडव्याच्या सुमाराला हवा तापलेली असते, तेव्हा विरजण लागलं की लगेच फडक्यात बांधा आणि चाळणीत ठेवून रात्रभर फ्रिजमध्येच निथळू द्या. चारशे ग्रॅम गोडसर चक्क्याला सव्वाशे ग्रॅम पिठीसाखर पुरते. त्यात पिकलेला चिकू कुस्करून घातला तर आणखी कमी. पाडव्याला हापूसचे भाव ऐकून चिकूच बरा वाटतो. परदेशात असाल तर साधं, साखर नसलेलं ग्रीक योगर्ट आणा, चक्क्याचं काम होतं. निथळलेलं पाणी कणीक भिजवायला ठेवा. पुरी मात्र पुरीच असू द्या. वर्षातून एकदा दोन पुऱ्यांनी काही बिघडत नाही.

गाठी ही सणातली सगळ्यात निव्वळ साखर. विदर्भ-मराठवाड्यात ती होळीलाच मुलांच्या गळ्यात पडते. ती नाकारू नका, मूल रडेल आणि त्याचं बरोबरही असेल. गुढीला एक माळ बांधा, मुलाला त्यातलं एक पदक द्या आणि उरलेल्या गाठी दोरा काढून कुटून डब्यात ठेवा. चैत्रात पन्ह्याला त्याच वापरायच्या, नवी साखर काढायचीच नाही. मुलांनी गळ्यात घालायला खारीक, खोबऱ्याचे तुकडे आणि मखाणे ओवून माळ केली तर ओवण्यातच त्यांची दुपार जाते. कडुनिंबाची चटणी वाटाण्याएवढी पुरे, पण सगळ्यांनी एकदम खायची. मोठे तोंड वाकडं न करता खातात का, यावर मुलांचं बारीक लक्ष असतं.

हळदीकुंकवाला फार काही करावं लागत नाही. गौरीपुढे कलिंगड कातरून ठेवतातच, ते मुलांना द्या. आंबेडाळ कच्च्या डाळीची असते, पोट नाजूक असेल तर मुलांपुरती डाळ वाफवून घ्या आणि मिरची कमी करा. ओटीतले भिजवलेले हरभरे संध्याकाळी उसळीला घ्या. पन्ह्यासाठी कैरी उकडून तिचा गर मोजा आणि गूळ किंवा कुटलेल्या गाठी गराइतक्याच घाला, दुप्पट नको. चिमूटभर मीठ विसरू नका. फुलपात्रं छोटी काढा.